पदीबायचा सक्तीचा आराम

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने "आपण काय करता?" असं विचारलं की माझ्या आधी माझी बायको उत्तर देते, "ते लोकांच्या घरी जाऊन चहा पितात." यात खोटं काहीच नाही. मला पगार त्याचाच मिळतो.

कागदावरचं माझं पद मात्र भारदस्त आहे: मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता. हे पद आमच्या भागात अजून एकालाही एका दमात म्हणता आलेलं नाही. पेणमध्ये मला 'गोळ्यावाले भाऊ' म्हणतात, रोह्यात 'डॉक्टरबाईंचे मास्तर' म्हणतात, आणि मी हौशी नाटकांत खलनायक रंगवत आल्यामुळे रामवाडीत आमच्या आळीतली मुलं मला थेट 'दुष्ट काका' म्हणतात. तिन्ही नावांना मी ओ देतो.

काम सांगतो. आमच्या डॉक्टर मॅडम पनवेलहून येतात. आठवड्यातले काही दिवस पेणला बसतात, काही दिवस रोह्याला. ज्यांचं मन बसलंय, झोप उडालीय, अन्न गोड लागत नाही, सकाळी उठायचं कशाला असा प्रश्न ज्यांना खरोखरीच पडतो, अशी माणसं त्यांच्याकडे येतात. नैराश्य हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही, 'मन लागत नाय' म्हणतात. मॅडम तपासतात, औषध देतात. चार-सहा आठवड्यांत झोप परत येते, भूक लागते, माणूस अंघोळ करून भांग पाडायला लागतो. घरचे पेढे वाटतात. इथे मॅडमचं निम्मं काम होतं आणि माझं सुरू होतं.

कारण आजार उतरला तरी माणूस परत त्याच घरात, त्याच माणसांत जातो. तिथे त्याचं कसं चाललंय ते मी स्कूटरवरून बघत फिरतो. "कसं वाटतंय?" असं मी कधीच विचारत नाही. त्यावर आमच्याकडे "बरंय" हे एकच उत्तर येतं, मग माणूस विहिरीच्या काठावर उभा असला तरी. मी विचारतो, "काल कालवण कशाचं होतं?" कालवणाचं नाव सांगता आलं तर ठीक. "खाडीचे निवटे होते, पन सुनेनं तिखट मारलं" असं सांगितलं, तर मी मनातल्या मनात टाळ्या वाजवतो.

गोळ्या चांगल्या की वाईट, यावर लोक माझ्याशी फार वाद घालतात. त्यांना मी रोह्याच्या एका जोडप्याची गोष्ट सांगतो. (नावं सांगणार नाही. इतर नावंही बदललेली आहेत.) नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. तो आमच्याकडे मागच्या जिन्याने यायचा. घरी सांगायचा, डोळे तपासायला जातो. त्याची बायको शिवणकाम करायची. तीही आमच्याकडे यायची, दुसऱ्या दिवशी, पुढच्या जिन्याने. घरी सांगायची, अस्तराचं कापड आणायला जाते. दोघांचाही आजार तोच, गोळीही तीच. आणि दोघांची मला वेगवेगळी शपथ, की घरी कळता कामा नये. मी दोन्ही शपथा पाळल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड अभिनय मी रंगमंचावर केलेला नाही, त्या जिन्यावर केलाय.

मग एका सकाळी दोघांचे हात देवाच्या तसबिरीमागे एकाच वेळी गेले. दोघांनाही लपवायला तीच जागा सुचली होती. "तुजी पन?" "तुजी पन!" एवढंच संभाषण झालं म्हणे, आणि मग दोघं इतके हसले की शेजारीण बघायला आली. त्यानंतर ती दोघं एकाच स्कूटरवर, पुढच्या जिन्याने येऊ लागली. औषध तेच, डोस तोच. पण एकमेकांपासून लपायचं थांबल्यावर ती महिन्याभरात जी खुलली, ती त्याआधीच्या वर्षात खुलली नव्हती. सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगून टाकतो. काहींची घरं तशीच राहतात आणि काही माणसं यायचीच थांबतात. त्यांच्या रस्त्याने जाताना माझी स्कूटर आजही हळू होते.

पण मला आज सांगायचंय ते पदीबायबद्दल.

वडखळवरून खाडीकडे वळलं की मिठागरांच्या कडेला आगरी लोकांची गावं लागतात. त्यातल्या एका गावची पदीबाय ही धवलारीण. बाहेरच्यांसाठी सांगतो: आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, पण लग्न खरं चालवते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ती गाते आणि त्या गाण्याप्रमाणे बाकीचे हात चालवतात. सुरुवातीच्या धवल्यात ती देवांना बोलावते, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी आमंत्रण देते. आजा, पणजा, त्याचा बाप, सगळे. नाव घेतलं नाही तर तो पूर्वज मांडवाबाहेर ताटकळत राहतो, अशी समजूत. म्हणजे गावातल्या प्रत्येक घराचे मेलेले लोक धवलारणीला पाठ हवेत.

पदीबायला ते पाठ होते. आणि एका लग्नात, ऐन धवल्यात, ती थांबली. पुढचं आठवेना.  कोणी पुढची ओळ दिली नाही, सगळे नुसते बघत राहिले. ती उठून घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. आजार आत आधीपासूनच शिरलेला होता, त्या दिवशी दिसला इतकंच. भगत झाला, उतारे झाले, मग डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या तिच्या मुलाने, हरेशने, तिला आमच्याकडे आणलं.

औषधाने ती बरी झाली. झोप आली, अंगावर मांस आलं. आणि हरेशने आईच्या प्रेमापोटी ठरवलं, की आता आये काही म्हणजे काही करणार नाही. पाणी नको भरायला, चूल नको, बाजार नको. आणि लग्न तर नाहीच नाही. मी गेलो की पदीबाय पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. नवी साडी, तेल घातलेले केस, समोर टीव्ही. यापेक्षा देव्हाऱ्यातला देव बरा, त्याच्याकडे निदान कोणी काही मागायला तरी येतं.

"हरेश, त्यांना काहीतरी काम दे रे," मी म्हटलं.

"दिलंय ना भाऊ, वाल सोलते."

पदीबायने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, येक इचारू? मना बरी केलीव तुमी. पन कशापायी? वाल सोलाया?"

 मी डायरी काढली आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.

गावाचंही तेच. लग्नं होत होती, पण तिला कोणी बोलवत नव्हतं. समोर म्हणायचे, "पदी आयला तरास नको." मागे म्हणायचे, "परत मधीच थांबली तं? पोरीच्या लग्नात अपशकुन कोन घेईल?" बाहेरगावची एक धवलारीण यायची, तीही आता थकली होती. पदीबाय खुर्चीत बसून दुसरीच्या चुका ऐकायची. वाल सोलताना तिचे ओठ हलताना मी पाहिले, तेव्हा विचारलं, "गाताय की काय?"

"गाते कशी? त्वांड सुकतंय. गोली घेतली की जीभ टालूला चिकटते."

"हे मॅडमना सांगितलंत का?"

"हरेश बोल्ला, तुना आता गायाचंच नाय, तं सुकू दे."

मी वडखळच्या नाक्यावर स्कूटर थांबवून तिथूनच मॅडमना फोन केला. मॅडम माझ्यावर उखडल्या, हरेशवर उखडल्या, आणि पुढच्या भेटीत त्यांनी औषध बदललं. तोंड सुकणं ही दुसऱ्या कोणासाठी बारीकशी कुरकुर असेल, पदीबायचं त्यात अख्खं आयुष्य अडकलं होतं. नव्या गोळीने तोंड ओलं राहिलं. गळा तयार झाला. आता मांडव तेवढा हवा होता, आणि तो काही मॅडमना लिहून देता येत नव्हता.

अशात पदीबायच्या शेजारच्या दामाच्या मुलीचं लग्न निघालं. दामा हा सज्जन माणूस, कोलंबीचा धंदा करणारा, आणि नव्या कल्पनांचा भारी शौकीन. मी हळदीच्या सकाळी पदीबायकडे गेलो होतो, तर दामाने मला रस्त्यातच गाठलं.

"भाऊ, पदी आयला तरास नको म्हनून आपुन अशी यवस्था केलीय, बगतच ऱ्हा! धवला तिचाच, आवाज तिचाच, आनि ती घरी आरामात!"

"म्हणजे कसं?"

"पेन ड्राइव्हमधी!"

आधी कुठल्याशा लग्नात कोणीतरी मोबाइलवर पदीबायचे धवले भरून ठेवले होते. ते मिळवून दामाने डीजेवाल्याकडे दिले होते. मांडवाच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर उभे होते. हरेशलाही ही कल्पना फार आवडली होती. आईचा मान राहतो आणि आईला उठावंही लागत नाही. मी पडवीत गेलो, तर पदीबाय नेहमीसारखी खुर्चीत होती, पण आज तिने टीव्ही बंद केला होता.

स्पीकर सुरू झाला. दारातल्या चपला थरथरल्या. पदीबायचाच आवाज, दहा माणसांएवढा मोठा, देवांना बोलावू लागला. गावदेवी झाली, कुलदैवत झालं. पदीबाय स्वतःचा आवाज ऐकत होती. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी हातातल्या हेल्मेटचा पट्टा सरळ करत बसलो.

आणि मग धवल्यात पूर्वज आले, त्यांत कोणी एक नामा.

पदीबाय ताठ झाली. "आरं द्येवा. ह्या कोनाला बलावते मी?"

"कोणाला?"

"ह्यो गनपतच्या घरचा धवला हाय! त्याच्या पोराच्या लग्नातला! नामा म्हनजे गनपतचा आजा!"

इथे तुम्हाला सांगायला हवं, की दामाच्या आणि गणपतच्या खारजमिनी एकमेकांना लागून आहेत आणि मधल्या बांधावरून दोन पिढ्या त्या घरांत बोलचाल नाही. आणि आता दामाच्या मांडवात, दामाने भाड्याने आणलेल्या स्पीकरवरून, गणपतच्या आज्याला सन्मानाने जेवायला बोलावलं जात होतं. आज्यामागोमाग पणजाही आला.

पदीबाय उठली. हरेश आडवा आला.

"आये, बस गो! तान नको घेव!"

"तान? माज्या त्वांडून दामाचे दुसमन बलावलेत, नि मी बसू? बाजूला हो मेल्या!"

ती अनवाणी निघाली. मागे हरेश, त्याच्या मागे मी, आणि घाईत हेल्मेट मी हातातून डोक्यावर कधी चढवलं, मलाच कळलं नाही. हळदीच्या मांडवात हेल्मेट घालून शिरलेला मी गावातला पहिला माणूस असेन.

मांडवात दोन तट पडले होते. तरुण मंडळी मोबाइलवर चित्रण करत मजेत उभी होती. म्हाताऱ्या बायकांना मात्र घोटाळा कळला होता. दामाची आई बायजा आजी कपाळ बडवून घेत होती. "माजा नवरा बाहेर ऱ्हायला गो, आनि त्या नाम्याला पाट मांडला!"

दामाचा चेहरा पांढरा पडलेला. "बंद कर रे!" तो डीजेवाल्यावर ओरडला.

"नको रं बंद करू!" बायजा आजी त्याच्यावर ओरडली. "धवला मधी तोडतात काय? पोरीचं वाटोलं करशील!"

तोडला तर अपशकुन, चालू ठेवला तर गणपतचं अख्खं घराणं पंगतीला. डीजेवाला बटणावर बोट ठेवून घामाघूम उभा होता. नाटकात असा पेच मी लिहिला असता, तर दिग्दर्शकाने मला हाकललं असतं.

पदीबाय मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. "तोडू नको," ती डीजेवाल्याला म्हणाली. "हलू हलू उतरव."

आणि ती स्वतःच्याच आवाजावर गायला लागली.

सुरुवातीला दोन पदीबाय एकत्र गात होत्या, एक स्पीकरमधली आणि एक अनवाणी. स्पीकरमधली गणपतच्या माणसांची नावं घेत होती, अनवाणी पदीबाय त्याच जागी दामाच्या माणसांची नावं घालत होती. डीजेवाला बोट हळूहळू खाली आणत होता. एका ठिकाणी स्पीकर विझला आणि तिचा एकटीचा, जरासा खरखरीत आवाज उरला, तो सांधा कोणाला कळलाही नाही. बायका आपोआप तिच्यामागे ओळी धरायला लागल्या. दामाचा बाप आला, आजा आला.

आणि पदीबाय थांबली.

 हरेशने माझा दंड धरला, त्याची बोटं मला अजून आठवतात. तेच, पुन्हा तेच, मांडवाच्या मधोमध. बायजा आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गोळ्यांचा, डोसांचा, मॅडमना काय सांगायचं याचा विचार करत होतो.

पदीबायने कमरेवर हात ठेवला.

"इसरले," ती म्हणाली. "दामा, तुज्या पनज्याचं नाव काय रे?"

दामाने डोकं खाजवलं. "आमी... आमी त्याला पनजाच बोलतो."

"श्याना हायस! आनि तू काय गो बायजा?"

बायजा आजी पदरात तोंड लपवून पुटपुटली, "माजा आजेसासरा हाय तो. मी नाव कशी घेऊ?"

"तुजा नवरा वर गेला, सासरा वर गेला, आता कोनाला भितेस?"

आणि मांडवात हसू फुटलं. मग जो तो नाव शोधायला लागला. एक चुलता म्हणाला, धाकल्या. दुसरा म्हणाला, छे, धाकल्या त्याचा भाऊ. डीजेवाल्याने मोबाइलवर सातबारा बघू का म्हणून विचारलं, त्याला तिघांनी गप्प बसवलं. नवरी पाटावर बसल्या बसल्या "आजी, सांग ना गो!" म्हणून हात जोडायला लागली. शेवटी बायजा आजीने डोळे घट्ट मिटले आणि जन्मात पहिल्यांदा आजेसासऱ्याचं नाव घेतलं.

"पोशा!"

"मंग आधी बोलाचंस," पदीबाय म्हणाली, आणि पुढच्या ओळीत पोशा मांडवात आला.

गेल्या वेळी ती थांबली तेव्हा सगळे नुसते बघत राहिले होते. आज अख्खा मांडव तिच्यासाठी नाव शोधत होता. हरेशने माझा दंड सोडला आणि भिंतीकडे वळून नाक शिंकरलं. मी हेल्मेटची काच खाली केली, माझ्याही डोळ्यांची अवस्था दाखवण्यासारखी नव्हती.

धवला संपल्यावर दामाने हळूच विचारलं, "आय, पन त्यो नामा? गनपतचा आजा? त्याला परत धाडलास काय?"

"बलावलेल्याला कोन परत धाडतं? आयलाय तो, बसलाय पाटावर." पदीबायने पदर खोचला. "आजा हितं जेवनार, आनि त्याची मानसं घरी उपाशी, असं चालतं काय? जा, गनपतला आमंतरन देऊन ये."

दामा गेला. जाताना त्याच्या तोंडाकडे बघण्यासारखं होतं. गणपत आला, हातात नारळ, कपाळावर आठ्या. मांडवाच्या अगदी कडेला बसून जेवला आणि वाल चांगले झालेत एवढंच म्हणाला. बांधाचं भांडण त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं, पण आता ते एकमेकांना नावाने हाक मारून भांडतात.

मला काळजी वेगळीच होती. बरं वाटलं की आमची माणसं गोळ्या सोडतात. पदीबायची पेणला यायची तारीख आली आणि ती आली नाही. मी तडक गावी गेलो, तर पडवीतली खुर्ची रिकामी. हरेश म्हणाला, आये पलीकडच्या गावात मांडवाला गेलीय. तिथे गेलो. बायकांच्या घोळक्यात ती गात होती. मला बघून तिने गाणं न थांबवता कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, रिकामी झालेली घरं मला लांबून दाखवली आणि परत खोचलं. धवला संपल्यावर म्हणाली, "मॅडमना सांग, ही तारीख नाय जमनार. लगीनसराई हाय. मीच कलवते कवा येते ते."

मॅडमना मी हा निरोप तिच्याच आवाजात करून दाखवला. त्या हसल्या, मग डोळे वटारून म्हणाल्या, "गोळी मी सांगेपर्यंत बंद करायची नाही, हे त्यांना बजावून सांगा. आणि तारीख त्या देतील ती लिहून घ्या."

ठरलेल्या दिवशी पदीबाय आली. कोपरापर्यंत हात हळदीने पिवळे, केसांत अक्षता अडकलेल्या. पूर्वी ती आमच्या बाकावर मान खाली घालून तासन् तास बसून राहायची. आज तिने रांगेतल्या सगळ्यांना विचारलं, "मना पयली जाव द्याल काय?" आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली. मॅडमनी खुर्ची पुढे केली, चष्मा लावला आणि त्यांच्या नेहमीच्या शांत आवाजात सुरुवात केली, "बसा पदीबाय. आता मला सावकाश सांगा, हल्ली दिवस कसा जातो?"

"सावकाश नको गो पोरी," पदीबाय उभ्यानेच म्हणाली. "गोल्या लिव पटकन. खाली टेम्पो उबा हाय, आनि माज्याबिगर मांडव चढत नाय."